मानसशास्त्रातील पदवी शिक्षण

मानसशास्त्रातील पदवी शिक्षण हा मानवी वर्तन व मानसिक प्रक्रिया यांचा शास्त्रीय पद्धतीने परिचय करून देणारा, बारावीनंतरचा विद्यापीठीय अभ्यासक्रम आहे. महाराष्ट्रात तो प्रामुख्याने कला शाखेत, बी.ए. पदवीसाठी शिकवला जातो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार तीन वर्षांनंतर पदवी किंवा चौथ्या वर्षानंतर ऑनर्स पदवी, असे दोन टप्पे आहेत.

पार्श्वभूमी

विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये जर्मनीतील लाइपझिग येथे प्रयोगशाळा स्थापन केली, तेव्हापासून मानसशास्त्र हे तत्त्वज्ञानापासून वेगळे, प्रयोगाधिष्ठित शास्त्र मानले जाऊ लागले. भारतात कलकत्ता विद्यापीठात १९१६ मध्ये या विषयाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. मुंबई विद्यापीठाचा उपयोजित मानसशास्त्र विभाग १९५९ मध्ये स्थापन झाला.

अभ्यासक्रमाचे स्वरूप

प्रारंभी सामान्य मानसशास्त्र, त्यानंतर सामाजिक व विकासात्मक मानसशास्त्र आणि अखेरीस अपसामान्य, बोधनिक, औद्योगिक व समुपदेशन मानसशास्त्र असा क्रम साधारणपणे आढळतो. मनोमापन आणि संख्याशास्त्र हा अभ्यासाचा अपरिहार्य भाग होय. मध्यमान, प्रमाण विचलन व सहसंबंध यांची गणिते करावी लागत असल्याने गणित टाळण्यासाठी हा विषय निवडणाऱ्या विद्यार्थ्यांची निराशा होते. प्रात्यक्षिकांत स्मृती, अवधान, प्रतिक्रियाकाल, म्यूलर-लायर दृष्टिभ्रम यांसारखे प्रयोग करून त्यांचा अहवाल लिहावा लागतो. ‘बुद्धी’, ‘प्रेरणा’, ‘अबोध’ हे शब्द मराठीत रूढ असले, तरी शास्त्रात त्यांचे अर्थ काटेकोर असतात. त्यामुळे मराठीतून उत्तरे लिहिताना व्याख्या नेमक्या देणे महत्त्वाचे ठरते.

पदवीची मर्यादा

बी.ए. पदवीधारक हा चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ नसतो. त्यासाठी पुढील विशेष शिक्षण घेऊन भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते. या व्यावसायिकाची पात्रता मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्येही नमूद आहे. मनोविकारतज्ज्ञ हा एम.बी.बी.एस. नंतर मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला वैद्यक असून औषधोपचार हे त्याचे क्षेत्र आहे. हा भेद केवळ तांत्रिक नाही. अपुऱ्या शिक्षणावर दिलेल्या सल्ल्यामुळे रुग्णाला योग्य उपचार मिळण्यास विलंब होऊ शकतो. मात्र मनुष्यबळ व्यवस्थापन, समाजकार्य, शिक्षण, संशोधन आणि स्पर्धा परीक्षा यांसाठी ही पदवी उपयुक्त पाया ठरते.

रत्नागिरी परिसर

रत्नागिरी-गणपतीपुळे सागरी मार्गावरील आरे-वारे व लगतच्या गावांसाठी रत्नागिरी शहर हे उच्च शिक्षणाचे जवळचे केंद्र आहे. तेथील गोगटे-जोगळेकर महाविद्यालयात (स्थापना १९४५) मानसशास्त्र विभाग आहे. ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथील शासकीय प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक याच शहरात आहे. साहजिकच मानसशास्त्र म्हणजे मनोरुग्णांवरील उपचारांचे शास्त्र, असा समज होऊ शकतो. वस्तुतः पदवी स्तरावर निरोगी माणसाचे शिकणे, आठवणे, विचार करणे व इतरांशी वागणे यांचाच अभ्यास अधिक असतो. उपचाराच्या क्षेत्रात जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने व त्याच्या कुटुंबाने पदवीनंतरच्या आणखी काही वर्षांचा कालावधी, खर्च आणि प्रसंगी दुसऱ्या शहरातील वास्तव्य यांचा विचार प्रवेशाच्या वेळीच करणे हितावह ठरते.