फोन 'अडकतो' तेव्हा दोष कुणाचा? डिस्प्ले ड्रायव्हरमधलं लॉक समजून घेऊ

मी जालन्यात राहतो. इथली पोरं फोन दाखवायला आणतात तेव्हा सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य एकच असतं, "दादा, फोन अडकतोय." लगेच दुसरा कुणीतरी सांगतो, रॅम कमी पडतीये, नवीन घे. कधी कधी ते खरंही असतं. पण चांगला आठ कोअरचा प्रोसेसर असूनही स्क्रोल करताना झटके बसतात, याचं आणखी एक कारण आहे आणि त्यावर मराठीत फारसं कुणी बोलत नाही.

डिस्प्ले ड्रायव्हर म्हणजे अ‍ॅपने बनवलेलं चित्र स्क्रीनच्या हार्डवेअरपर्यंत पोचवणारा प्रोग्राम. तो कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या अगदी गाभ्यात चालतो. अँड्रॉइडचा कर्नल लिनक्सचाच आहे. ६० हर्ट्झच्या स्क्रीनला दर १६.७ मिलिसेकंदांनी नवीन चित्र लागतं, १२० हर्ट्झला ८.३ मिलिसेकंदांनी. तेवढ्यात चित्र आलं नाही तर जुनंच परत दिसतं, आणि तोच तो झटका.

आता लॉक. पॅटर्न किंवा फिंगरप्रिंटवालं नाही हं! ड्रायव्हरमध्ये एकाच वेळी अनेक कामं चालतात. दोघांनी एकदम एकाच नोंदीत बदल केला तर नोंद बिघडते. म्हणून एकाने लॉक घ्यायचं, काम करायचं, सोडायचं, तोवर दुसऱ्याने थांबायचं. मोंढ्यातल्या वजनकाट्यासारखं समजा. काट्यावर एका वेळी एकच गाडी, यात चूक काहीच नाही. पण मोसंबीची गाडी काट्यावर उभी ठेवून ड्रायव्हर चहाला गेला तर? आणि ज्याला फक्त भाव विचारायचाय त्यालाही त्याच रांगेत उभं केलं तर? हे दुसरं आणि तिसरं, तेच अनावश्यक लॉकिंग.

लिनक्समध्ये हे खरोखर घडत होतं. संगणकाला मॉनिटर किंवा प्रोजेक्टर जोडला की ड्रायव्हर त्याला विचारतो, तू कोण, कोणकोणतं रिझोल्यूशन चालतं? ही माहिती १२८ बाइटच्या ब्लॉकमध्ये येते आणि ज्या तारेवरून येते ती फार मंद असते, साधारण सेकंदाला १ लाख बिट. प्रत्येक बाइटला ९ बिट धरले तर एका ब्लॉकला ११.५ मिलिसेकंद आणि दोन ब्लॉक असले तर २३. म्हणजे एका फ्रेमपेक्षा जास्त वेळ. पूर्वी डिस्प्लेच्या सगळ्या मांडणीवर एकच मोठं लॉक होतं. ही चौकशी चालू असताना ते अडकलेलं राहायचं आणि तेवढा वेळ माऊसचा बाणसुद्धा जागचा हलायचा नाही. बाण हलवायला मॉनिटरचं नाव-गाव कशाला लागतं? तेव्हा इंटेलमध्ये काम करणाऱ्या सिमोना व्हेटर यांनी प्रत्येक डिस्प्ले पाइपलाइनला स्वतःचं वेगळं लॉक दिलं. २०१३ च्या लिनक्स ३.९ मध्ये हा बदल आला. तिकडे चौकशी चालू, इकडे बाण मोकळा. हार्डवेअर तेच, तार तितकीच मंद.

स्नॅपड्रॅगन चिपमधल्या अ‍ॅड्रिनो ग्राफिक्ससाठी लिनक्समध्ये एमएसएम नावाचा ड्रायव्हर आहे. रॉब क्लार्क यांनी २०२० मध्ये त्यातलं सगळ्यांवरचं एक सामायिक लॉक हटवायचं काम हातात घेतलं. जीपीयूकडे पाठवलेल्या कामांच्या यादीला तिचं स्वतःचं छोटं लॉक, मेमरीच्या प्रत्येक तुकड्याला त्याचं त्याचं. याचा फायदा मेमरी भरल्यावर कळतो. कर्नल तेव्हा ड्रायव्हरला म्हणतो, थोडी जागा रिकामी कर. मोठं लॉक दुसऱ्याच कुणाकडे अडकलेलं असेल तर ते कामही खोळंबतं.

मग सगळी लॉक काढूनच टाकू की! तसं चालत नाही. एकाने मेमरीचा तुकडा परत केला आणि दुसरा अजून तोच वाचतोय, असं झालं तर फोन थेट रीस्टार्ट होतो, किंवा हॅकरला घुसायला फट मिळते. छोटी लॉक वाढली की आणखी एक भानगड होते. पहिल्याकडे 'अ' आहे आणि त्याला 'ब' हवंय, दुसऱ्याकडे नेमकं उलटं. दोघंही कायमचे अडकले. याला डेडलॉक म्हणतात. असा क्रम चुकला की आधीच ओरडून सांगणारी लॉकडेप नावाची सोय कर्नलमध्ये २००६ पासून आहे. माझ्या मते या कामात लॉक काढणं सोपं असतं. ते नेमकं कोणत्या नोंदीची राखण करत होतं, हे शोधण्यातच सगळा वेळ जातो.

तुमच्या फोनवर काय बघता येईल? 'बिल्ड नंबर'वर सात वेळा टॅप करून डेव्हलपर ऑप्शन्स उघडा. तिथे 'प्रोफाइल एचडब्ल्यूयूआय रेंडरिंग' चालू केलं की स्क्रीनवर उभ्या पट्ट्या दिसतात. आडवी हिरवी रेघ म्हणजे १६ मिलिसेकंदांची मर्यादा. एकाच अ‍ॅपमध्ये पट्ट्या रेघेच्या वर जात असतील तर दोष बहुतेक त्या अ‍ॅपचा. खोलात जायचं असेल तर अँड्रॉइड ९ पासून तिथेच 'सिस्टीम ट्रेसिंग' आहे. ती फाइल पर्फेटोमध्ये उघडली की कोणता थ्रेड कधी नुसताच थांबून होता ते दिसतं.

आता थोडी कडू गोष्ट. लिनक्समध्ये आलेली सुधारणा तुमच्या फोनमध्ये आपोआप येत नाही. फोनमध्ये बहुधा चिप कंपनीचा स्वतःचा वेगळा ड्रायव्हर असतो, आणि फोन ज्या कर्नल मालिकेवर विकला गेला सहसा त्याच मालिकेवर राहतो. 'अबाउट फोन'मध्ये अँड्रॉइड व्हर्जनवर टॅप करून तुमच्या कर्नलचा आकडा बघा. आणि हो, प्ले स्टोअरवरची 'रॅम बूस्टर' अ‍ॅप्स कर्नलच्या बाहेर चालतात. ड्रायव्हरच्या लॉकपर्यंत त्यांचा हात पोचतच नाही, उलट पार्श्वभूमीला चालू राहून ती थोडी मेमरी स्वतःच खातात.