ब्लफ किती करावा? पोकरच्या गणिताची गोष्ट

दिवाळीत सिडकोतल्या आमच्या खोलीवर शेंगदाणे लावून तीन पत्ती खेळताना एक जण म्हणाला, "ब्लफ म्हणजे नुसती हिंमत." तुम्हालाही तसंच वाटतं का? मग हा इतिहास बघा.

जॉन फॉन नॉयमान यांनी १९२८ च्या शोधनिबंधात खेळांचं गणित मांडलं. १९४४ मध्ये मॉर्गेनस्टर्न यांच्यासोबतच्या ग्रंथात पोकरवर स्वतंत्र विभाग आला. त्यातल्या सोप्या मॉडेलचं उत्तर असं: मोठी बोली उत्तम पानांवर लावा आणि अधूनमधून अगदी वाईट पानांवरही, मधल्या पानांवर गप्प राहा.

प्रमाणही काढता येतं. शेवटच्या फेरीत पॉटमध्ये १०० आहेत, तुम्ही १०० लावले. समोरच्याला २०० जिंकायला १०० घालावे लागतात. तुमच्या अशा तीन बोलींपैकी एक ब्लफ असेल, तर त्याला कॉल आणि पॅक सारखंच. ब्लफ वाढवलेत की तो कॉल करेल, कमी केलेत की पॅक.

२०१९ मध्ये ब्राऊन आणि सँडहोम यांच्या 'प्लुरिबस' प्रोग्रॅमने सहा जणांच्या पोकरमध्ये व्यावसायिकांना हरवलं. आधी नुसता कॉल करायचा आणि फ्लॉपची तीन पानं उघडल्यावर आपणच पहिली बोली लावायची, ही चूक असं जुनेजाणते मानायचे. प्लुरिबस अशी चाल त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा खेळला!

तुमच्या विषयातही 'असं करत नसतात' म्हणणारे भेटतील. संशोधन आराखडा लिहायला बसाल तेव्हा त्यातलं एक वाक्य उचला आणि विचारा: हे कुणी तपासलंय का?