वकील, वीज आणि आपण

वकिलाचा आणि विजेचा संबंध काय, असे कोणी विचारील. आम्ही कामगारांत वावरलेली माणसे. शाळा थोडी आणि युनियनची कचेरी अधिक, असे आमचे शिक्षण. पण याचे उत्तर आम्हांला इतिहासात सापडले.

1942 च्या जुलैत बॅरिस्टर बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. वीजही तेव्हा त्याच खात्याकडे होती. कोळसा खणणारा हात आणि त्या कोळशावर लागणारा दिवा, दोहोंचा हिशेब एकाच मेजावर आला. 25 ऑक्टोबर 1943 रोजी वीजविषयक धोरण समितीपुढे त्यांनी सवाल टाकला : वीज खाजगी मालकीची असावी की सरकारी? स्वस्त व मुबलक वीज कोणत्या व्यवस्थेत मिळेल? दारिद्र्य हटवायचे तर कारखाने हवेत आणि कारखान्यांना वीज हवी, ही त्यांची मांडणी. त्याच डिसेंबरात ते धनबादच्या कोळसाखाणी पाहून आले. 1944 च्या जानेवारीत खाणकामगारांसाठी कल्याण निधी निघाला. युद्धकाळात स्त्रियांना खाणीत उतरवण्यावरची बंदी याच सरकारने उठवली होती, हेही झाकू नये. ती 1946 मध्ये पुन्हा लागू झाली.

बाबासाहेबांनी 1946 मध्ये ते खाते सोडले. पुढे पुण्याचे वकील काकासाहेब गाडगीळ खाणी व विजेचे मंत्री असताना, 10 सप्टेंबर 1948 रोजी, वीजपुरवठ्याचा कायदा झाला. प्रांतोप्रांती वीज मंडळे नेमण्याची तरतूद त्यात होती. त्या दिवशी नांदेड आणि लातूर निजामाच्या अमलाखाली होते! तीन दिवसांनी भारतीय फौजा हैदराबादेत शिरल्या, 17 तारखेला आपण मोकळे झालो. कायदा आपल्या स्वातंत्र्याहून सात दिवसांनी वडील. महाराष्ट्राचे वीज मंडळ मात्र 20 जून 1960 ला उभे राहिले.

पुढे 1999 मध्ये राज्यात वीज नियामक आयोग आला, 2003 मध्ये नव्या कायद्याने जुना रद्द केला, 2005 मध्ये मंडळाच्या कंपन्या झाल्या. आता दर ठरवतो आयोग. पण ठरवण्यापूर्वी लोकांच्या हरकती विचारात घेणे त्यावर कायद्याने बंधनकारक आहे.

बिल वाढले की आपण पारावर बसून कुरकुरतो. आमचे म्हणणे एवढेच : ती कुरकुर कागदावर उतरवा आणि आयोगापुढे ठेवा. 1943 चा तो सवाल अजून निकाली निघालेला नाही. आणि या खटल्यात फिर्यादीच गैरहजर राहिला, तर निकाल कोणाच्या बाजूने लागेल, हे सांगायला वकील लागत नाही.