मुंबईतील स्वस्त भोजनगृहे आणि पंगतीचे समाजकारण (१८५४ ते १९८२)

प्रस्तावना

मुंबईच्या आर्थिक इतिहासात कापड गिरण्या, रेल्वे आणि गोदी यांची चर्चा विपुल प्रमाणात झाली आहे. मात्र या उद्योगांत राबणारा माणूस दोन वेळा कोठे जेवत होता, हा प्रश्न तुलनेने उपेक्षित राहिला. प्रस्तुत निबंधात खानावळ, इराणी हॉटेल आणि उडुपी उपाहारगृह या तीन संस्थांच्या आधारे दोन प्रश्नांचा विचार केला आहे. स्वस्त जेवणाच्या ठिकाणी कोणाला बसता येत होते? आणि ते जेवण कोणाच्या श्रमामुळे स्वस्त राहिले?

खानावळ : गावाची पंगत

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईतील पहिल्या कापड गिरणीची स्थापना केली. त्यानंतरच्या काळात रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतून पुरुषांचा ओघ शहराकडे सुरू झाला. कुटुंबे गावी राहिली. १९२१ च्या जनगणनेत मुंबईतील पुरुषांची संख्या स्त्रियांच्या जवळपास दुप्पट होती, यावरून या स्थलांतराचे स्वरूप स्पष्ट होते. चाळीतील एका खोलीत अनेकजण पाळीपाळीने झोपत. तेथे स्वतंत्र चूल मांडणे शक्य नव्हते. या गरजेतून गिरणगावातील स्त्रियांनी आपल्या राहत्या खोलीतच खानावळी सुरू केल्या. पैसे महिन्याच्या पगारानंतर मिळत. किराणा मात्र आधी भरावा लागे. म्हणजेच खानावळ चालवणारी बाई ही स्वयंपाकीण होती, तशीच कामगाराला महिनाभर उधारी देणारी सावकारही होती.

तथापि ही पंगत सर्वांसाठी खुली नव्हती. सामान्यतः एका गावचे, एका जातीचे लोक एकत्र जेवत. गिरणीतही हाच भेद होता. विणकाम खात्यात सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे. त्यामुळे विटाळाचे कारण पुढे करून अस्पृश्य कामगारांना त्या खात्यात प्रवेश नाकारला जाई. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न ऐरणीवर आणला. उष्ट्याची जी कल्पना ताटाभोवती होती, तीच मागाभोवतीही होती, असे म्हणावे लागेल.

इराणी आणि उडुपी : मेज आणि बाकडे

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व विसाव्या शतकाच्या प्रारंभी इराणमधून आलेल्या स्थलांतरितांनी मुंबईत चहाची दुकाने थाटली. धोबीतलावची कयानी (१९०४) आणि बॅलार्ड इस्टेटची ब्रिटानिया (१९२३) ही त्यांतील ठळक उदाहरणे होत. मालक हिंदू जातिव्यवस्थेच्या बाहेरचा असल्याने संगमरवरी मेजाशी कोणी बसावे, हे ठरविण्याचे त्याला कारण नव्हते. एक कप चहा आणि ब्रून मस्का यांची किंमत देणारा गिऱ्हाईक ठरत असे. सोवळे पाळणारे मात्र तेथे जाणे टाळीत.

उडुपी उपाहारगृहांचा प्रवास याउलट दिशेने झाला. सोवळ्यातील शाकाहारी स्वयंपाक हीच त्यांची आरंभीची प्रतिष्ठा होती. माटुंग्यात ए. रामा नायक यांनी १९४२ मध्ये सुरू केलेले श्रीकृष्ण बोर्डिंग याच परंपरेतील होय. कालांतराने इडली, डोसा व राईस प्लेट यांनी जातीची व प्रांताची सीमा ओलांडली. या बदलामागे केवळ चव नव्हती. १९५० मध्ये अमलात आलेल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद १५(२) मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले यांत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून मज्जाव करता येणार नाही, अशी स्पष्ट तरतूद आहे. उपाहारगृहाचा उल्लेख थेट मूलभूत हक्कांत यावा, यातच त्या बाकड्याचे सामाजिक महत्त्व दिसून येते.

स्वस्ताईची किंमत

खानावळीचा हिशेब पाहता स्वस्ताईचे मूळ घरच्या स्त्रीच्या व मुलींच्या श्रमात आढळते. त्या श्रमाची मजुरी दरात धरली जात नसे. संपकाळात कामगारांचे जेवण उधारीवर चाले आणि या स्त्रिया व्याजाने कर्ज काढीत. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये स्थापन केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाने त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले आणि त्यांच्या कामाला व्यवसाय म्हणून ओळख दिली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर मात्र गिऱ्हाईकच विखुरले.

निष्कर्ष

१. कमी दरामुळे भोजनगृहाचे दार उघडले. परंतु पंगत एक होण्यास बिगरजातीय मालकी, शहरी गर्दी आणि कायदा या तिन्हींची जोड लागली.

२. शहराच्या स्वस्त अन्नाचा भार मोठ्या प्रमाणात स्त्रियांच्या बिनमोल श्रमाने उचलला.

३. इराणी हॉटेलांच्या पाट्या, छायाचित्रे व आठवणी उपलब्ध आहेत. बहुतांश खानावळींना पाटीच नव्हती. त्यामुळे त्यांचा इतिहास उधारीच्या वह्या आणि मौखिक साक्षी यांतूनच उभा करावा लागेल. त्या साक्षी देणारी पिढी आता वृद्ध झाली आहे. महाविद्यालयीन इतिहास विभागांनी हे काम विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांद्वारे तातडीने हाती घेणे आवश्यक आहे.