खाकी साडीतील आत्या

आकुर्डीच्या आमच्या धर्मग्रामात घरांच्या आशीर्वादासाठी फिरताना भिंतीवरच्या तसबिरी न्याहाळण्याची आम्हांला जुनी सवय आहे. येथील कुटुंबे बहुतांशी बाहेरून आलेली. कोणी वसईचे, कोणी नगर जिल्ह्यातले, कोणी गोव्याचे तर कोणी मंगळूरचे. कारखान्यांच्या नोकरीने त्यांना येथे आणले. घर दोन खोल्यांचे असले तरी गावाकडून आणलेला जुन्या फोटोंचा डबा मात्र बहुतेक घरी असतोच. अशाच एका घरी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून एक छायाचित्र बाहेर आले. पुणे कॅम्पातील कुठल्याशा स्टुडिओत काढलेले. विशी-बाविशीची तरुणी, अंगावर जाड कापडाची साडी, खांद्यावर पट्टी, मुद्रा गंभीर. "ही ह्यांच्या वडिलांची आत्या. लढाईत होती म्हणतात, फादर," घरच्या सूनबाई म्हणाल्या. कोणत्या लढाईत, कोणत्या कामावर, हे मात्र कोणालाच सांगता येईना. नावाविषयीही दोन मते पडली.

त्या साडीचा इतिहास सांगता येण्यासारखा आहे. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले, मार्चमध्ये रंगून पडले आणि एप्रिलमध्ये विशाखापट्टणमवर जपानी बॉम्ब पडले. युद्ध हिंदुस्थानच्या दारात आले. लष्करी कचेऱ्यांतील आणि कोठारांतील पुरुष आघाडीवर धाडायचे, तर त्यांच्या जागी बसणार कोण? ह्या निकडीतून त्याच वर्षी विमेन्स ऑक्झिलिअरी कोअर (इंडिया) हे स्त्रियांचे साहाय्यक दल उभे राहिले. टंकलेखन, टेलिफोन, सांकेतिक संदेश, मोटारी चालविणे, कोठारांच्या नोंदवह्या ही त्यांची कामे. १९४४ साली त्यातूनच नौदलाची स्त्रीशाखा निघाली. युद्ध संपेपर्यंत ह्या दलात हजारो स्त्रिया दाखल झाल्या होत्या. त्यांत अँग्लो-इंडियन आणि देशी ख्रिस्ती मुलींचा भरणा मोठा होता. मिशनच्या शाळांत इंग्रजी शिकलेली, घराबाहेर नोकरी करण्यास बिचकणार नाही अशी मुलगी त्या काळी आमच्या समाजात अधिक सापडे. परिचर्येच्या व्यवसायाचीही हीच कथा.

अशा स्त्रियांना सरसकट 'स्वयंसेविका' म्हणण्याची रीत पडली आहे, ती थोडी सैल आहे. रेडक्रॉससाठी पट्ट्या गुंडाळणाऱ्या आणि सैनिकांच्या उपाहारगृहात चहा देणाऱ्या भगिनी विनावेतन राबत. ह्या दलातील मुलींना पगार होता. महागाईच्या त्या दिवसांत घरी चार पैसे पाठविता यावेत म्हणूनही मुली भरती झाल्या असणार, आणि त्यात आम्हांला कमीपणाचे काहीच वाटत नाही.

सरकारी छायाचित्रकारांनी ह्या मुलींची पुष्कळ छायाचित्रे काढली. त्यांतील बरीच आज लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियममध्ये जपलेली आहेत. ती पाहताना एक गोष्ट विसरता कामा नये. ही चित्रे आठवणीसाठी काढलेली नव्हती. ती पाहून आणखी मुलींनी यावे, मुख्य म्हणजे त्यांच्या आईबापांनी त्यांना येऊ द्यावे, हा त्यांचा हेतू. म्हणून तर हिंदी मुलींसाठी गणवेषात साडी ठेवली. हातात यंत्र आहे, पण डोक्यात वेणी आहे, हे बापाला दिसले पाहिजे! सगळ्या हसऱ्या, नीटनेटक्या. रात्रपाळीने तांबारलेले डोळे अशा चित्रात यायचे नाहीत.

आणि नावे? अनेक चित्रांखाली दलाचे नाव आढळते, कामाचे आढळते, व्यक्तीचे नाही. अपवाद आहेत. नौदल शाखेच्या सेकंड ऑफिसर कल्याणी सेन १९४५ साली ब्रिटनच्या अभ्यासदौऱ्यावर गेल्या. तेथे जाणारी ही पहिली हिंदी सेवादल-स्त्री. स्कॉटलंडमधील रोझाइथच्या नौदलतळावर त्यांच्या वरिष्ठ अधिकारी मार्गारेट कूपर यांच्यासह काढलेल्या चित्रात त्या साडीत उभ्या आहेत आणि खाली दोघींचीही नावे आहेत. अधिकाऱ्याला नाव मिळाले. टेलिफोनवर बसणारीला ते सहसा मिळाले नाही.

नावाची गोष्ट निघाली म्हणून होमाई व्यारावाला यांचे स्मरण होते. नवसारीस १९१३ साली जन्मलेल्या ह्या पारशी बाई आपल्या देशातील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार मानल्या जातात. मुंबईत असताना त्यांनी टिपलेली चित्रे साप्ताहिकांत येत, ती पती माणेकशा यांच्या नावाने. बाईच्या नावाला संपादकांच्या लेखी वजन नव्हते. १९४२ मध्ये त्या दिल्लीस गेल्या. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले, तेव्हा त्या सत्त्याण्णव वर्षांच्या होत्या. म्हणजे चित्रातल्या बाईचे नाव नाही आणि काही वेळा चित्र काढणारीचेही नाही.

जे दाखवायचे नव्हते त्याची तऱ्हा आणखी निराळी. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' ह्या दारूगोळा आणि कापसाने भरलेल्या बोटीचे स्फोट झाले. शेकडो माणसे मेली, हजारो बेघर झाली. अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. एवढा अनर्थ झाला, पण तपशील प्रथम जगापुढे मांडला तो जपान्यांच्या ताब्यातील सायगाव रेडिओने. आपल्याकडील वार्ताहरांना बातमी पाठविण्याची मोकळीक मे महिन्यात मिळाली. जखमींच्या उशाशी त्या रात्री ज्या परिचारिका जागल्या, त्यांचे हसरे चित्र काढण्यास कोणी गेले नसेल.

आमच्या समाजातील ही चित्रे डब्याच्या तळाशी का गेली, ह्याचे उत्तर आम्हांला पुण्याच्या त्या वर्षांत सापडते. ऑगस्ट १९४२ मध्ये 'चले जाव'चा ठराव झाला. ९ तारखेस गोवालिया टँकवर अरुणा असफअलींनी तिरंगा फडकविला. गांधीजी आणि कस्तुरबा आगाखान पॅलेसमध्ये बंदिवान झाले. २४ जानेवारी १९४३ रोजी कॅम्पातील कॅपिटॉल चित्रपटगृहात बॉम्बस्फोट होऊन गोरे सैनिक ठार झाले. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांनी बंदिवासातच देह ठेवला. त्याच शहराच्या त्याच रस्त्यांवरून खाकी साडीतील आमची मुलगी कामावर जात होती. तिकडे सिंगापुरात कॅप्टन लक्ष्मी स्वामिनाथन यांच्या नेतृत्वाखाली आझाद हिंद सेनेची राणी झाशी पलटण उभी राहत होती. त्या मुलींचीही छायाचित्रे आहेत, आणि तीही लोकांना वळविण्यासाठीच काढलेली. स्वातंत्र्यानंतर त्या चित्रांना मान मिळाला. आमच्या आत्याचे चित्र मात्र भिंतीवरून उतरले. तिने सरकारची चाकरी केली, हे खरे. पण त्याच सरकारच्या रेल्वेत आणि टपालात लाखोंनी केली, त्यांच्या तसबिरी कोणी उतरविल्या नाहीत. स्त्रीच्या वाट्याला हा संकोच अधिक आला असे आमचे मत आहे.

३० मे २०२५ रोजी खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. वर्तमानपत्रांत त्यांची छायाचित्रे आली, कित्येकींची नावेगावेही आली. त्यानंतर काही दिवसांनी त्या घरच्या सूनबाई मिस्सेनंतर आम्हांला भेटल्या. वसईच्या वृद्ध नातेवाईक बाईंना त्यांनी फोन केला होता. आत्या पुण्यात लष्कराच्या टेलिफोनवर होती, युद्धानंतर शाळेत शिकवू लागली, आणि ती साडी तिने पुढे कापून मुलांसाठी दप्तरे शिवली, एवढे कळले. बाप्तिस्म्याचे नाव एक आणि घरातले हाक मारण्याचे दुसरे, म्हणून दोन मते पडली होती. छायाचित्राच्या पाठीवर दोन्ही नावे, गाव आणि साल लिहिले आहे. १९४३ की १९४४ हे ठरेना, तेव्हा दोन्ही लिहून मध्ये तिरकी रेघ मारली आहे. बॉलपेनची शाई पुढे उमटते, म्हणून शिसपेन्सिल वापरली.