फायफोचे परदेशी रहिवासी

वर्गांत भूगोल शिकवितांना कित्येक वर्षें मीं व्हिएतनामच्या किनाऱ्यावरून छडी फिरविली. सैगांव, ह्वे इतकीं नांवें सांगितलीं कीं छडी पुढें सरके. या दोहोंच्या मध्यें होय-आन नांवाचें एक गांव आहे, हें मला फार उशिरां कळलें. जुने यूरोपीय लोक त्यास फायफो म्हणत.

थूबोन नदीच्या मुखाजवळचें हें बंदर सतराव्या शतकांत भरभराटीस आलें. तेव्हां या भागावर न्गुयेन घराण्याची सत्ता होती. चीन व जपानचीं गलबतें ईशान्येच्या वाऱ्यावर येत. नदीमुखासमोर चाम बेटें आहेत. तेथील विहिरींचें गोडें पाणी भरून घेत आणि मग गांवांत शिरत. परतीस नैर्ऋत्येचा वारा हवा. तो कांहीं महिने सुटावयाचा नाहीं. म्हणून व्यापाऱ्यांनीं तेथेंच घरें केलीं. चिनी वस्ती निराळी, जपानी निराळी; प्रत्येकीचा मुख्य वेगळा आणि कायदा आपापल्या देशाचा.

ही हकीकत लिहून ठेवणारा क्रिस्तोफोरो बोरी हा मिलानचा जेझुइट पाद्री. तो १६१८ ते १६२२ पर्यंत त्या मुलखांत राहिला, तेथून पुढें आपल्या गोव्यासही आला, आणि त्याचें पुस्तक १६३१ सालीं रोम येथें छापलें गेलें. पावसाळ्याच्या पुरांत लोक होड्यांतून एकमेकांकडे कसे जात, हें तो मोठ्या कौतुकानें सांगतो. चार वर्षें राहिलेल्या माणसासच हें दिसावयाचें. चार दिवसांच्या पाहुण्यास पूर म्हणजे केवळ संकट!

त्यानें सांगितलेला एक प्रसंग तर भाषेच्या प्रत्येक मास्तरानें ध्यानांत ठेवावा असा आहे. बाजारांत एक सोंग चाललें होतें. पोर्तुगीज वेषाच्या नटानें मोठें खोटें पोट लावलें होतें. तो एका मुलास विचारी, ‘पोर्तुगीजाच्या पोटांत शिरतोस काय?’ मूल होय म्हणे, नट त्याला पोटांत कोंबी, आणि लोक खदखदां हसत. बोरीनें चौकशी केली तेव्हां कळलें कीं, दुभाषे ‘ख्रिस्ती होतोस काय?’ हा प्रश्न लोकांस नेमक्या याच शब्दांत विचारीत आले होते! म्हणजे धर्म स्वीकारणें याचा अर्थ लोकांनीं पोर्तुगीज होणें असाच घेतला होता. पाद्र्यांनीं ते शब्द बदलले.

ती भाषा ज्यानें खऱ्या अर्थानें आत्मसात केली, तो फ्रान्सिस्को द पीना १६२५ सालीं त्याच किनाऱ्यावर बुडून मेला. त्याच्यापाशीं धडे घेतलेल्या अलेक्झांद्र द रोद यानें १६५१ सालीं कोश छापला. आज व्हिएतनामी लोक जी रोमन लिपि लिहितात, तिचा पाया या मंडळींनीं घातला. पीनाचें नांव मात्र फारच थोड्यांस ठाऊक असतें.

पाद्री परत जाऊं शकत होते. जपानी रहिवाशांची गोष्ट वेगळी. १६१९ सालीं नागासाकीचा व्यापारी अराकी सोतारो याला न्गुयेन अधिपतीच्या घराण्यांतील कन्या दिली गेली, आणि ती सासरीं जपानांत गेली. इतका घरोबा झाला होता. पण १६३५ सालीं जपानी सरकारनें प्रजेस परदेशीं जाण्याची बंदी केली, आणि जे बाहेर होते त्यांस परतण्याचीही. परतल्यास शिक्षा देहान्ताची. वाऱ्यासाठीं थांबलेले लोक जन्मभराचे अडकले! नव्यानें कोणी येईना, तेव्हां ती वस्ती हळूहळू आटली आणि चिनी घराणीं पुढें आलीं. नदीचें पात्र गाळानें भरल्यावर मोठीं जहाजें दानांगकडे वळलीं. जुनीं घरें टिकलीं तीं बरीचशीं त्यामुळेंच. १९९९ सालीं युनेस्कोनें हें गांव जागतिक वारसा म्हणून नोंदविलें.

जपान्यांच्या नांवानें ओळखला जाणारा छपराचा पूल तेथें अजून आहे. गांवाबाहेर, भातशेतांच्या मध्यें, तानी याजिरोबेई या व्यापाऱ्याचें १६४७ सालचें थडगें आहे. त्याचें तोंड ईशान्येस, जपानच्या दिशेस, केलेलें आहे असें सांगतात. शेतकरी त्याच्या भोंवतीं भात लावतात.