चिमुकल्या इंजिनाचा घसा

मफलर म्हटला कीं मराठी घरांत थंडीच्या दिवसांत गळ्याभोवतीं गुंडाळावयाचें लोकरी वस्त्र डोळ्यांपुढें येतें. इंजिनाच्या धुराच्या तोंडाला बसविलेल्या डब्यालाही इंग्रजींत तेंच नांव आहे. छंदासाठीं केलेल्या विमानांच्या व होड्यांच्या प्रतिकृतींना मात्र हें वस्त्र फार उशिरां चढलें, आणि चढलें तेंही नाखुषीनेंच.

या प्रतिकृतींवर इंजिन बसविण्याच्या छंदाला खरा बहर आला तो फिलाडेल्फियाच्या विल्यम ब्राऊन या तरुणामुळें. 1933 सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेंत मॅक्सवेल बॅसेटनें ब्राऊनचें इंजिन लावलेलें विमान उडवून रबराच्या पिळावर चालणाऱ्या विमानांना मागें टाकलें. पुढच्या वर्षापासून ‘ब्राऊन ज्युनियर’ हें सुमारें दहा घनसेंटिमीटरचें इंजिन बाजारांत मिळूं लागलें. त्याच्या ठिणगीसाठीं कॉइल व बॅटरी यांचें ओझें विमानाला वाहावें लागे. 1947 सालीं रे आर्डन यानें प्लॅटिनमच्या तारेचें वेटोळें असलेला प्लग विक्रीस आणला. तार एकदां तापली कीं इंजिनाच्याच उष्णतेनें ती लाल राही, आणि ओझें कायमचें उतरलें. इंधन झालें मद्यार्काचें, व वंगणासाठीं त्यांत एरंडेल. ज्याच्या नुसत्या वासानें मुलें पळ काढतात तेंच.

इंजिन हलकें झालें, वेगवान झालें आणि कर्कशही झालें. अशा इंजिनांत दट्ट्या प्रत्येक फेऱ्याला एकदां धुराचें द्वार उघडतो व कोंडलेला तप्त वायु धाडकन् बाहेर पडतो. मिनिटाला बारा हजार फेरे म्हणजे सेकंदाला दोनशें स्फोट. कानाला ते सुटे ऐकूं येत नाहींत. त्यांची एक अखंड किंकाळी होते. मोकळ्या माळावर तिची कोणाला पर्वा नव्हती. पण शहरें पसरलीं, माळाच्या कडेला घरें उठलीं, आणि रविवारची झोंपमोड झालेल्या शेजाऱ्यांच्या तक्रारींनीं एकामागून एक मैदानें बंद होऊं लागलीं. ब्रिटनमध्यें 1974 च्या प्रदूषणविषयक कायद्याच्या आधारें 1982 सालीं खास अशा विमानांसाठीं आचारसंहिता निघाली. सात मीटरवरून मोजलेला आवाज 82 डेसिबलांहून अधिक नसावा, असा दंडक तिनें घातला. खेळण्याच्या आवाजासाठीं सरकारनें लेखणी उचलावी, हें नवलच. पण ज्यांचें मैदान गेलें त्यांना त्यांत हंसण्यासारखें कांहीं वाटलें नसावें.

छांदिष्टांची नाखुषी मात्र निराधार नव्हती. डबा लहान असला, वा त्याचें तोंड अरुंद असलें, तर जळका वायु सिलिंडरांत रेंगाळतो, ताज्या मिश्रणाला जागा मिळत नाहीं, इंजिन तापतें आणि शक्ति घटते. म्हणून डब्याची पोकळी इंजिनाच्या मानानें पुष्कळ मोठी हवी. त्यांतील थोडा दाब बारीक नळीनें इंधनाच्या टाकीकडे नेला कीं इंधनाचा पुरवठा एकसारखा राहतो, हा त्याचा एक आडवळणाचा उपकार.

अडथळ्यानें शक्ति वाढूंही शकते, हा धडा मोटारसायकलींच्या शर्यतींतून आला. पूर्व जर्मनींत त्शोपाऊ येथील एम्. झेड्. कारखान्यांत वाल्टर काडेन यानें धुराच्या नळीला आधीं फुगणारा व नंतर निमुळता होणारा आकार दिला. वायूची लाट फुगत्या भागांतून जातांना मागें शोषण निर्माण करते आणि सिलिंडर रिकामा करते. निमुळत्या भागावर आपटून परतलेली लाट द्वारांतून निसटूं पाहणारें ताजें मिश्रण पुन्हां आंत ढकलते. या युक्तीनें 1961 पर्यंत 125 घनसेंटिमीटरच्या इंजिनांतून सुमारें 25 अश्वशक्ति निघूं लागली. त्याच वर्षीं स्वीडनमधील शर्यतीनंतर काडेनचा स्वार अर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे निसटला आणि हें ज्ञान जपानच्या सुझुकी कंपनीच्या हातीं पडलें. 1962 सालीं 50 घनसेंटिमीटरच्या वर्गांत सुझुकीवर बसून तो जगज्जेता झाला. काडेनच्या वाट्याला काय आलें, याची चर्चा विजयोत्सवांत होत नसते.

1966 सालीं इंग्लंडमधील जागतिक स्पर्धेंत अमेरिकेच्या बिल विस्निव्हस्की यानें दोरीवर फिरणाऱ्या वेगवान विमानाला अशीच नळी लावून सर्वांचें लक्ष वेधलें. तिची लांबी हेंच मर्म. मिनिटाला वीस हजार फेऱ्यांना एका फेऱ्यास सेकंदाचा तीनशें तेहतिसावा भाग लागतो. द्वार उघडें असतें त्याच्याही अर्ध्याहून कमी वेळ. तेवढ्यांत लाटेनें जाऊन परतलें पाहिजे. त्यामुळें वीत-दीड वीत नळींत बोटभर फरक पडला तरी इंजिन अडखळतें, आणि ठरलेल्या वेगाखालीं तर ती नळी मदतीऐवजीं अडचणच करते.

म्हणून सावकाश घिरट्या घालणाऱ्या विमानाला साधा प्रशस्त डबाच बरा. तो बसविल्यावर पंख्याची घरघर ऐकूं येऊं लागते. ती कमी करण्यास मोठा पंखा मंद फिरवावा लागतो. होडीचा पंखा पाण्याखालीं असल्यानें तिचा बहुतेक कोलाहल धुराच्या तोंडचाच, म्हणून चांगल्या डब्याचा गुण तेथें ताबडतोब दिसतो. शर्यतीच्या होड्यांत तर पाणीच मदतीला घेतात. कमी वेगाला नळींत थोडें पाणी सोडलें कीं वायु निवतो, लाट मंदावते आणि नळी असते त्याहून लांब असल्यासारखी वागते. होडीनें वेग घेतला कीं तें पाणी बंद करावयाचें.